अँबॅसिडरचं पुढचं चाक डुलतंय, खडखडतंय? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

नवे किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती उभी पिन) टाकले, शॉकॉप (शॉक ॲब्झॉर्बर) टाकले, अलाइनमेंट केली, आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत स्टीअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्यांनी अजून अँबॅसिडर जपून ठेवली आहे त्यांची ही नेहमीची तक्रार. हा दोष मी बऱ्याच गाड्यांवर काढला आहे. बदललेला पार्ट मुळात खराब नव्हताच, असं अनेकदा निघतं. ढिला होता तो त्याच्या शेजारचा. नाहीतर नवा पार्ट कोरडाच बसवलेला असतो, किंवा चाक हवेत लटकत असताना आवळलेला असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी ढिलेपणा नेमका कुठे आहे ते शोधा. त्याला पैसे लागत नाहीत, एक माणूस मदतीला लागतो.

लक्षणं

- पन्नास-साठच्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. खड्ड्यातून निघाल्यावर चाक लगेच शांत होत नाही, डुलत राहतं.
- गतिरोधक उतरताना एकच 'खट्' असा आवाज येतो, किंवा खडीच्या रस्त्यावर सतत खडखड असते.
- टायरची एकच कड झिजते. किंवा तळहात टायरवरून आडवा फिरवला तर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखा लागतो.
- स्टीअरिंग जड झालंय, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, वळवताना कुईकुई करतं.
- गाडी एका बाजूला ओढते. आमच्याकडे लोक येऊन सरळ सांगतात, "भाऊ, गाडी डावीकडे वढस."
- समोरून पाहिलं तर एक खांदा उतरलेला दिसतो.

कोणतं लक्षण कधी येतं ते नीट आठवा. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर आधी ब्रेक बघा. एका बाजूचा व्हील सिलिंडर गळत असेल, लायनरला तेल लागलं असेल, तर सस्पेन्शन कितीही बदला, गाडी ओढतच राहणार. न्यूट्रलमध्ये, ब्रेक न लावता, सपाट रस्त्यावरही ओढत असेल तर पुढे वाचा.

आत काय आहे

अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. पुढच्या चाकाला तिच्यात ना पाटे, ना गुंडाळी स्प्रिंग. खालच्या आर्मला, म्हणजे चाक चेसिसशी जोडणाऱ्या हाताला, एक लांब पोलादी दांडा जोडलेला असतो आणि तो चेसिसच्या कडेने मागे जातो. चाक वर गेलं की हा दांडा पिळला जातो, आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. हा टॉर्शन बार. चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या, म्हणजे किंगपिनच्या, दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्यांवर वरचा-खालचा ट्रनियन, म्हणजे आतून आटे असलेला सांधा, बसतो. स्टीअरिंग फिरवलं की पिन या आट्यांतच फिरते. म्हणजे गाडीचा भार आणि चाकाचं वळणं, दोन्ही त्या आट्यांवर. त्यांच्यात ग्रीस नसेल तर लोखंड लोखंडाला खातं. बाकी रबरी बुश, टाय रॉड, शॉकॉप, हब बेअरिंग. स्टीअरिंग रॅकचं, म्हणजे दातेरी पट्टीचं आहे.

जॅक लावण्याआधी

शेतातल्या, खळ्यातल्या मोकळ्या काळ्या जमिनीवर जॅक लावू नका. वरून टणक दिसते, पण भार आला की एका बाजूने खचते, आणि उन्हाळ्यात भेगांच्या कडेला तर जास्तच. काँक्रीट किंवा फरशी हवी. नसेलच तर जॅकखाली जाड, रुंद फळी घाला. मागच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावा. चेसिसखाली घोडी (भार पेलणारा लोखंडी स्टँड) ठेवल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारेही पाहिलेत. वीट भाराने फुटते, आणि फुटण्याआधी सांगत नाही.

पहिली तपासणी: हवा, टायर, नट

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर असतो. दुपारी गाडी हायवेवरून आणून पंपावर मोजलेला आकडा फसवा असतो, आणि तो पाहून कोणी हवा कमी केली तर सकाळी टायर बसलेला. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी हवी, आकडा गाडीच्या पुस्तकातला.

मग टायर बघा. एका जागी फुगवटा आला असेल, किंवा लग्नापुरती बाहेर निघणारी गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहून टायर चपटा झाला असेल, तर थरथर तिथूनच आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून एक फेरी मारा. थरथर स्टीअरिंगवरून सीटखाली सरकली तर दोष टायरचा, सस्पेन्शनचा नाही. चाकाचे नट हाताने तपासा. हसू नका, नट ढिले असलेल्या गाड्या किंगपिनसाठी आलेल्या आहेत.

दुसरी: मोजपट्टी

सपाट जागेवर गाडी उभी करा, पुढचं बंपर दोनदा दाबून सोडा, आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक त्यात येतो, हबपासून मोजलं तर येत नाही. थोडा फरक जुन्या गाडीत असतोच. बोटभर किंवा त्याहून जास्त असेल तर मागचे पाटेही बघा. मागचं एक पान तुटलं की गाडी तिरकी बसते आणि दोष पुढचा वाटतो. पाटे ठीक असतील तर टॉर्शन बार बसला आहे, किंवा त्याचा मागचा आधार सरकला आहे. आकडे लिहून ठेवा, टॉर्शन बारला हात लावू नका.

तिसरी: ग्रीस

स्टीअरिंग जड, परत येत नाही, कुईकुई करतं, या तीन लक्षणांवर सगळ्यात स्वस्त इलाज हाच. लिथियम ग्रीसचा डबा आणि दोन-चार नवे निपल (ग्रीस गन लावायची तोंडं) यांचा खर्च नव्या किंगपिनच्या पासंगालाही पुरत नाही.

आपल्याकडे ग्रीसचा प्रश्न दोन कारणांनी बिकट होतो. एक म्हणजे काळी माती. पावसाळ्यात बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरून, म्हणजे रावेर, यावल, चोपडा, शिरपूरकडून, किंवा केळीच्या मळ्यातून गाडी आणली की खालचा ट्रनियन चिखलात लिंपला जातो. तो चिखल वाळला की निपलच्या तोंडात खड्यासारखा घट्ट बसतो. दुसरं म्हणजे सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप. गाडी खालून चकाचक होते, पण पाण्याचा झोत सीलमधून आत शिरतो आणि जुनं ग्रीस बाहेर काढतो. धुतल्यावर ग्रीस भरायला हवं. प्रत्यक्षात बरेच जण उलटं करतात, आधी ग्रीस आणि मग धुणं.

करायचं असं: निपल डिझेलच्या कापडाने पुसा. जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावून चाक जमिनीपासून उचला आणि चेसिसखाली घोडी द्या. गाडीचा भार चाकावर असताना आटे एका बाजूने घट्ट दाबलेले असतात आणि नेमक्या त्या झिजणाऱ्या बाजूला ग्रीस पोचत नाही. चाक उचललं की फट मोकळी होते. गन मारताना कोणाला तरी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागून नवं दिसेपर्यंत मारत राहा. गन लावूनही काहीच बाहेर येत नसेल तर निपल काढून नवा लावा. तरीही येत नसेल तर आतली वाट बंद आहे, म्हणजे तो सांधा कित्येक दिवस कोरडा चालला आहे. त्या गाडीची पुढची तपासणी अधिक कसून करा.

माझा स्वतःचा नेम दर हजार-दीड हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात किलोमीटर न बघता महिन्यातून एकदा.

चौथी: चाक हलवून ढिलेपणा शोधणं

खरं निदान इथे होतं, म्हणून घाई करू नका. जॅक मघासारखाच, खालच्या आर्मखाली. चेसिस उचलून आर्म लटकू दिला तर टॉर्शन बार त्याला खाली ढकलतो, सांधे ताणले जातात आणि ढिलेपणा लपतो.

चाक वर आणि खाली धरा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी. एक हात आत ढकला, दुसऱ्याने बाहेर ओढा. चाक डुललं तर लगेच किंगपिन म्हणू नका. आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक लागला की ड्रम मागच्या प्लेटशी जखडतो आणि बेअरिंगचा ढिलेपणा नाहीसा होतो. तेव्हा:

ब्रेक दाबल्यावर डुलणं थांबलं तर दोष हब बेअरिंगचा.

तरीही डुलत असेल तर ट्रनियन, पिन किंवा वरचा आर्म. टॉर्च घेऊन बघा, आणि प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने बोट ठेवा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. वरच्या आणि खालच्या ट्रनियनपैकी कोणता हलतो ते ओळखा. काही जुन्या गाड्यांत लिव्हरचा शॉकॉप असतो आणि त्याचा हातच वरच्या आर्मचं काम करतो. त्याची धुरी झिजली तर चाक अगदी किंगपिन गेल्यासारखं डुलतं. त्या गाडीला किंगपिन बदलून काही फरक पडत नाही, आणि पैसे गेल्यावर ते कळतं.

आता डावी-उजवी बाजू धरा, नऊ आणि तीनच्या जागी. इथे डुललं आणि बारा-सहाला नाही, तर दोष स्टीअरिंगकडे. मदतनीस स्टीअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे हलवत राहील, तुम्ही टाय रॉडच्या टोकांवर, रॅकच्या आतल्या सांध्यावर आणि रॅकच्या क्लॅम्पवर हात ठेवा. क्लॅम्पचे बोल्ट ढिले निघाले तर आवळून काम संपलं. रॅकचं रबरी बूट फाटलेलं असेल तर ते आजच बदला, आत माती गेल्यावर रॅक बदलावा लागतो.

शेवटी एक सब्बल टायरखाली घालून चाक सरळ वर उचला. नव्या ट्रनियनच्या आट्यांतही किंचित सैलपणा असतो, तो हाताला जाणवतो. डोळ्याला स्पष्ट दिसेल इतका खालीवर हलत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. कारण पुढे सांगतो.

बेअरिंगचं काम सवय असेल तर घरी होतं. हब काढा, बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, गोळ्यांवर आणि वाटीवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर नवं टाका. ग्रीस हाताने दाबून भरा, ड्रमच्या आत सांडू नका. नट फिरू नये म्हणून आडवी घालतात ती स्प्लिट पिन जुनी सरळ करून पुन्हा लावायची नाही. दोन रुपयांच्या पिनेसाठी चाक पणाला लावण्यात शहाणपण नाही.

पाचवी: शॉकॉप

गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकॉप गेला. नंतरच्या गाड्यांत सरळ दांडीचा शॉकॉप आहे, त्यावर तेलाचा ओघळ दिसला की जोडीनेच बदला. लिव्हरच्या शॉकॉपमध्ये तेल भरता येतं. झाकणाभोवतीची माती आधी साफ करा आणि त्याचंच तेल वापरा, ब्रेक ऑईल नाही. शॉकॉपचे आणि ज्या गाडीला स्टॅबिलायझर बार आहे तिच्या लिंकचे छोटे रबर इथेच बघून घ्या. गतिरोधकावरची 'खट्' पुष्कळदा तिथलीच असते.

सहावी: रबरी बुश

खालच्या आर्मच्या आतल्या टोकाचे बुश आणि आर्मला पुढून बांधणाऱ्या तिरक्या टाय रॉडचे बुश. ब्रेक मारताना चाक मागे ढकललं जातं, त्याला रोखणारा हा टाय रॉड. स्टीअरिंगचा टाय रॉड वेगळा. त्याचं रबर गेलं की ब्रेक दाबताच 'टक्' होतं आणि गाडी क्षणभर वाकडी होते. सब्बलीने आर्म हळूच रेटून बघा. रबरात भेगा, बाजूला आलेला लगदा, इंजिनच्या गळतीने मऊ पडून फुगलेलं रबर, ही सगळी बदलण्याची लक्षणं. गळती आधी बंद करा, नाहीतर नवं रबरही तेलच पिणार.

वर्षात दोनदा बुश जातात, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के गोम आवळण्यात आहे, असं माझं मत झालंय. मिस्तरी गाडी उचलतो, चाक लटकलेलं असतं, बुश बसवून नट गच्च आवळतो आणि गाडी खाली उतरवतो. रबर मधल्या बोल्टला आणि बाहेरच्या आर्मला दोन्हीकडे धरून असतं, सरकत नाही, पिळलं जातं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी नुसती उभी असतानाही ते अर्धं पिळलेलंच राहतं, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की फाटतं. म्हणून बुश घाला, नट हाताने लावा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोन-चारदा दाबून तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्या, आणि मगच शेवटचं आवळा. हात पोचत नसेल तर गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. मिस्तरीकडे काम दिलं असेल तर हे तिथे उभं राहून करून घ्या.

नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. चौदा-सतराचा पाना जवळपास बसतो, म्हणून लोक तोच लावतात आणि नटाची डोकी गोल करून ठेवतात. इंची पान्यांचा जुना संच एकदाच घ्या.

इथे थांबा

पुढच्या कामांना अँबॅसिडर किंवा मॉरिसवर हात बसलेला मिस्तरीच हवा.

ट्रनियन आणि किंगपिन बदलणं हे त्यातलं पहिलं. आटे झिजून संपले की पिन ट्रनियनमधून निसटते आणि चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडतं. इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर याच कारणासाठी बदनाम आहे, तिची रचना अशीच. बऱ्याचदा हे कमी वेगात, वळताना घडतं. लळिंगच्या किंवा कन्नडच्या घाटात घडलं तर काय होईल ते सांगायला नको. सुटा भाग अवघड नाही, पण तो काढायला वरचा सांधा सोडवावा लागतो, आणि तो सुटला की खालच्या आर्मला टॉर्शन बारच्या पिळाशिवाय कोणी धरून ठेवत नाही. आर्मखाली भक्कम आधार नसेल तर तो खाली झेपावतो. तिथे हात असेल तर हाड वाचत नाही.

दुसरं, टॉर्शन बार काढणं किंवा त्याची उंची जुळवणं. डावा-उजवा एकदा वापरला की त्यांची अदलाबदल करायची नाही, कारण दोन्ही उलट दिशांना पिळायला सरावलेले असतात. त्यावर पाईप पाना लावू नका, छिन्नी मारू नका, वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका. अशा ओरखड्यातून चीर सुरू होते आणि दांडा एक दिवस अचानक तुटतो.

तिसरं, आर्मच्या किंवा टॉर्शन बारच्या बुडाशी चेसिसला चीर किंवा गंज. वरून पट्टी मारून रंग दिला की दिसत नाही, म्हणून जुनी गाडी विकत घेताना इथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर सौदा सोडा. आपली गाडी असेल तर मोजमाप घेऊन चेसिसचं काम करणाऱ्याकडेच न्या. वाकलेला आर्म तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि गाडी परत आणा.

पार्ट घेताना

२०१४ साली हिंदुस्थान मोटर्सचा, म्हणजे अँबॅसिडर बनवणारा, उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून बाजारात जुना शिलकी माल, नवी नक्कल आणि भंगारातून काढलेलं, असं तिन्ही मिळतं. कोलकात्याचा मलिक बाजार, दिल्लीचं काश्मीरी गेट, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथपर्यंत शोधावं लागतं. जुना पार्ट सोबत न्या किंवा त्याचं माप पाठवा. ट्रनियन डावा-उजवा विचारून घ्या, आणि दुकानातच नवी पिन नव्या ट्रनियनमध्ये हाताने फिरवून बघा. ती गुळगुळीत, न अडखळता फिरली पाहिजे. अडली म्हणून लेथवर आटे सैल करून देतो म्हणाले तर घेऊ नका, तो पार्ट जन्मतःच झिजलेला असेल. पिन जुनी आणि ट्रनियन नवा अशी जोडीही टिकत नाही. बसवताना निपलमधून ग्रीस आत पोचतंय की नाही ते गाडी खाली उतरवण्याआधीच बघा.

काम झाल्यावर

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. या गाडीत जुळवता येतो तो टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांचा पुढून आत असलेला कल, स्टीअरिंगच्या टाय रॉडच्या लांबीने. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने दिसणारा किंगपिनचा कल) यांना स्क्रू नाही. मशीनवाल्याने कॅम्बर बाहेर दाखवला तर पैसे देऊन तो 'ठीक' होणार नाही. कोणता तरी भाग अजून ढिला आहे किंवा वाकलेला आहे, तेव्हा चौथ्या तपासणीकडे परत या. टो-इन मोजण्याआधी गाडी पाच-दहा फूट पुढे ढकला, जॅकवरून उतरल्यावर चाकं नीट बसलेली नसतात.

पहिली फेरी गावातच, हळू, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बघत. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर चाकाचे, टाय रॉडचे आणि शॉकॉपचे नट पुन्हा आवळा, स्प्लिट पिना जागेवर आहेत का बघा, आणि मोजपट्टी घेऊन हबपासूनची उंची पुन्हा एकदा आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.